पृथ्वी मोजणारा सैनिक : विल्यम लॅम्बटन

नकाशावाचनाच्या तासाला आपण सगळेच एकदा तरी चुकतो. कंपास लावतो, बेअरिंग घेतो, कागदावर रेघ मारतो आणि आपण उभे आहोत ती टेकडी शोधू लागलो की रेघ भलत्याच नाल्यात जाऊन पडते. उस्ताद न रागावता पुन्हा मोजायला लावतात. चूक आपली असते, हे आपण निमूट मान्य करतो. नकाशाच चुकला असेल, अशी शंका मात्र कोणाच्याही मनात येत नाही. नकाशावर टेकडी जिथे दाखवली आहे तिथेच ती आहे, हे आपण धरूनच चालतो.

कॅडेट मित्रांनो, हा विश्वास आपोआप आलेला नाही. दोनशे वर्षांपूर्वी या देशाचे जे नकाशे होते त्यांत गावे, नद्या आणि किनारे मैलोन् मैल सरकलेले होते. ते जागेवर आणण्याचे काम एका सैनिकाने सुरू केले. त्याने त्यासाठी आयुष्याची वीस वर्षे दिली, आणि तो आपल्या महाराष्ट्राच्या मातीत, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला कायमचा विसावला. त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचे नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळाले. त्याचे स्वतःचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन यांची ही गोष्ट.

शेतकऱ्याचा मुलगा

लॅम्बटन यांचा जन्म १७५३च्या सुमारास इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, नॉर्थॲलर्टन गावाजवळ झाला. घरची स्थिती बेताची होती. वशिला नव्हता, पैसा नव्हता. डोके मात्र गणितात चालत होते. १७८१ साली ते सैन्यात अगदी खालच्या अधिकारपदावर दाखल झाले आणि लवकरच अटलांटिकपलीकडे, आजच्या कॅनडाच्या न्यू ब्रन्स्विक भागात जाऊन पोहोचले. तिथे त्यांच्याकडे बराकींची व्यवस्था आणि जमिनीची मोजणी अशी कामे आली. बढतीच्या दृष्टीने ही कामे म्हणजे अडगळच. बरोबरीचे अधिकारी लढाया करून पुढे गेले आणि लॅम्बटन तेरा-चौदा वर्षे त्याच थंड प्रदेशात राहिले.

पण ती वर्षे त्यांनी वाया घालवली नाहीत. गणित, खगोलशास्त्र आणि भूमापन यांवरचे मिळतील तेवढे ग्रंथ त्यांनी वाचून काढले. याच काळात एक अपघात झाला. काजळी धरलेली काच न लावता त्यांनी सूर्यग्रहण पाहिले आणि एका डोळ्याची दृष्टी गमावली. पुढे ज्या माणसाने आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावून काम केले, तो एकाच डोळ्याने पाहत होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अठराव्या शतकाच्या शेवटी त्यांची ३३वी पलटण हिंदुस्थानात आली. पलटणीचे नेतृत्व आर्थर वेलस्ली यांच्याकडे होते. हेच वेलस्ली १८०३ साली जालन्याजवळच्या असईच्या लढाईत मराठ्यांविरुद्ध लढले आणि पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाले. लॅम्बटन त्या वेळी पंचेचाळिशी ओलांडलेले, कमी बोलणारे आणि समारंभात अवघडून जाणारे लेफ्टनंट होते.

श्रीरंगपट्टणची रात्र

१७९९ साली टिपू सुलतानाविरुद्ध चौथे म्हैसूर युद्ध सुरू झाले. लॅम्बटन जनरल बेअर्ड यांच्या ब्रिगेडमध्ये ब्रिगेड मेजर होते. श्रीरंगपट्टणला वेढा पडण्याच्या सुमारास एका रात्री बेअर्ड यांची तुकडी किल्ल्याबाहेरच्या झाडीत गस्तीच्या कारवाईसाठी गेली. काम उरकून ती आपल्या छावणीकडे परत निघाली. रात्र अंधारी होती, मुलूख अनोळखी होता. आपण बरोबर चाललो आहोत, अशीच सर्वांची समजूत होती.

लॅम्बटन यांनी वर पाहिले. ताऱ्यांच्या जागा पाहून त्यांच्या ध्यानात आले की तुकडी उत्तरेला जात नसून दक्षिणेला, म्हणजे सरळ टिपूच्या फौजेकडे चालली आहे. त्यांनी हे जनरलला सांगितले. आपल्या वरिष्ठाला, तोही तापट म्हणून प्रसिद्ध असलेला, मध्यरात्री तुमची दिशा चुकली आहे असे सांगणे सोपे नसते. बेअर्ड यांना ते पटले नाही. पण लॅम्बटन आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. शेवटी कंपास काढून पाहिला तेव्हा तारेच खरे ठरले. तुकडी मागे फिरली आणि अनेकांचे प्राण वाचले.

या प्रसंगात त्या माणसाचा सारा स्वभाव दिसतो. त्यांना आवाज चढवावा लागला नाही. त्यांच्याजवळ मोजमाप होते आणि त्यावर त्यांचा विश्वास होता.

एक साधा प्रश्न

युद्ध संपले. दक्षिणेचा मोठा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आला. जिंकलेल्या प्रदेशावर राज्य करायचे, सारा वसूल करायचा, फौजा हलवायच्या तर नकाशे हवेत, हे कंपनीला कळत होते. हे काम परोपकारासाठी होत नव्हते, हे आपण विसरू नये. पण लॅम्बटन यांनी मांडलेली योजना कंपनीच्या गरजेपेक्षा फार मोठी होती. त्यांना या देशाचा नकाशा तर करायचा होताच, शिवाय त्याच मोजणीतून पृथ्वीचा आकारही शोधायचा होता.

पृथ्वी गोल आहे हे लहान मूलही सांगते. पण नेमकी किती गोल? न्यूटनने गणिताने दाखवले होते की स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी चेंडूसारखी असू शकत नाही. फिरण्यामुळे ती विषुववृत्तावर थोडी फुगलेली आणि ध्रुवांशी थोडी चपटी असली पाहिजे. हे तपासायचे कसे? त्यासाठी दक्षिणोत्तर रेषेवर एका अक्षांशाचे अंतर जमिनीवर मोजायचे. पृथ्वी पूर्ण गोल असेल तर ते सगळीकडे सारखे भरेल. ती ध्रुवांशी चपटी असेल तर तिथली वक्रता कमी असणार, आणि एक अंश पार करायला तिथे जास्त चालावे लागणार. आज आपल्याला ठाऊक आहे की विषुववृत्ताजवळ एका अक्षांशाचे अंतर सुमारे ११०.६ किलोमीटर असते आणि ध्रुवाजवळ सुमारे १११.७ किलोमीटर. फरक जेमतेम एक किलोमीटरचा. तो पकडायचा तर मोजणीत काही मीटरचीही चूक चालणार नव्हती.

फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७३०च्या दशकात उत्तर युरोपातील लॅपलँड आणि दक्षिण अमेरिकेतील ॲन्डीज पर्वताच्या भागात जाऊन अशी मोजणी केली होती आणि न्यूटनचे म्हणणे खरे ठरले होते. पण चपटेपणा नेमका किती, हा प्रश्न उरला होता. लॅम्बटन यांना हिंदुस्थानात लांबच लांब दक्षिणोत्तर कंस मोजायचा होता. वेलस्ली यांनी योजना वर पाठवली आणि मद्रास सरकारने तिला मान्यता दिली. इतक्या अचूकतेचा खर्च कशासाठी, ही कुरकुर मात्र पुढे अनेक वर्षे चालू राहिली.

चारशे वेळा साखळी

उपकरणे गोळा करणे हीच एक मोहीम होती. कोन मोजण्याचे मोठे थिओडोलाइट लंडनच्या विल्यम कॅरी यांनी बनवले. त्याचे वर्तुळ ३६ इंच व्यासाचे होते आणि वजन सुमारे अर्धा टन. ते घेऊन येणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. इंग्लंड आणि फ्रान्स यांचे वैर असतानाही, हे विज्ञानाचे उपकरण आहे हे कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिले. मोजणीची शंभर फुटी पोलादी साखळी तर चीनच्या बादशहासाठी भेट म्हणून नेलेली होती. बादशहाने ती नाकारली आणि ती फिरत फिरत हिंदुस्थानात येऊन पोहोचली होती.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पायारेषा मोजायला सुरुवात झाली. रेषेची लांबी होती सुमारे साडेसात मैल. पायी चालत हे अंतर दोन-अडीच तासांत कापता येते. लॅम्बटन यांच्या पथकाला काही आठवडे लागले.

एवढा वेळ का लागावा? साखळी जमिनीवर टाकली तर ती खड्ड्यात वाकते. म्हणून ती तिपाईवर बसवलेल्या लाकडी पेट्यांमध्ये अगदी सरळ रेषेत ठेवायची. शिवाय मद्रासचा एप्रिल-मे. उन्हाने धातू प्रसरण पावतो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की शंभर फुटी पोलादी साखळी सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब होते. हे नखाएवढे अंतर वाटते. पण साडेसात मैलांसाठी साखळी सुमारे चारशे वेळा मांडावी लागते. दर वेळी तीच चूक झाली तर शेवटी जवळजवळ दीड मीटरचा फरक पडतो. म्हणून दर वेळी साखळीवर सावली धरायची, थर्मामीटर वाचायचे, नोंद करायची आणि मग साखळी पुढे न्यायची. असे चारशे वेळा, एकदाही कंटाळा न करता. सगळी पुढची इमारत या एका रेषेवर उभी राहणार होती. पाया चुकला तर कन्याकुमारीपर्यंत सगळेच चुकणार होते.

त्रिकोणांची साखळी

पायारेषा मोजून झाली की साखळीचे काम बहुतेक संपते. पुढे त्रिकोणमिती कामाला येते. पायारेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरची एक टेकडी पाहायची आणि दोन्हीकडचे कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू कागदावर काढता येतात. त्यांतली एक बाजू पुढच्या त्रिकोणाची पायारेषा होते. असे करत करत नद्या, जंगले आणि दऱ्या न ओलांडताही त्यांच्या पलीकडची अंतरे कळतात. आपण रिसेक्शन करून स्वतःची जागा काढतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

या त्रिकोणांत एक गंमत आहे. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश, असे आपण शिकतो. ते सपाट कागदावर खरे आहे. जमिनीवरचा मोठा त्रिकोण मात्र पृथ्वीच्या फुगीर पाठीवर काढलेला असतो. त्यामुळे त्याच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा किंचित जास्त भरते. सुमारे दोनशे चौरस किलोमीटरच्या त्रिकोणाला ही वाढ एका सेकंदाची असते, आणि सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. लॅम्बटन यांचे उपकरण इतके सूक्ष्म होते की हा फरक हिशेबात धरावाच लागे. तीन टेकड्यांवर उभे राहून, जहाजात न बसता, पृथ्वी गोल असल्याचा पुरावा मिळत होता.

सर्वांत आधी त्यांनी मद्रासपासून पश्चिम किनाऱ्यावरच्या मंगळूरपर्यंत त्रिकोणांची रांग नेली. निकाल सर्वांना चकित करणारा होता. या अक्षांशावर द्वीपकल्पाची रुंदी सुमारे ४०० मैल समजली जात होती. प्रत्यक्षात ती सुमारे ३६० मैल भरली. चाळीस मैल जमीन केवळ जुन्या नकाशांच्या चुकीमुळे अस्तित्वात होती. अचूकतेवर खर्च कशाला, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे होते. त्यानंतर त्यांनी मुख्य काम हाती घेतले. साधारण ७८व्या रेखावृत्ताला धरून, कन्याकुमारीकडून उत्तरेकडे जाणारा महाकंस.

तंजावरचा अपघात

१८०८ साली पथक तंजावरच्या सपाट प्रदेशात आले. कावेरीच्या त्या खोऱ्यात टेकड्या नाहीत, नजर टाकावी तिकडे नारळाची झाडे. दूरवर पाहायचे तर उंच देवळांचाच आधार होता. म्हणून बृहदीश्वराच्या मंदिराच्या शिखरावर थिओडोलाइट चढवण्याचे ठरले. दोर आणि कप्प्या लावून अर्धा टनाचे ते यंत्र वर खेचले जात होते. तेवढ्यात एक दोर तुटला. यंत्र भिंतीवर जाऊन आदळले आणि त्याचे ते नाजूक, रेखीव वर्तुळ वाकले.

संपूर्ण देशात त्या तोडीचे दुसरे यंत्र नव्हते. इंग्लंडहून नवे मागवायचे म्हणजे वर्षे जाणार होती. दुसऱ्या कोणी दोर बांधणाऱ्यांवर खापर फोडले असते आणि कामच थांबवले असते. लॅम्बटन यांनी यंत्र तंबूत नेले आणि स्वतःला त्या तंबूत कोंडून घेतले. एका मोठ्या फळीवर त्यांनी मूळ मापाचे अचूक वर्तुळ आखले. त्यावर वाकलेले वर्तुळ ठेवले आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या लावून ते केसाकेसाने ओढत मूळ आकाराला आणले. या कामाला सुमारे सहा आठवडे लागले. लहान लहान पोचे त्यांनी लाकडी हातोडीने काढले. पन्नाशी उलटलेला, एका डोळ्याने पाहणारा माणूस हे करत होता. ते यंत्र नंतरही अनेक वर्षे मोजणीच्या कामी आले.

पथकातली माणसे

लॅम्बटन यांचे नाव आपण घेतो, पण टेकडीवर झेंडा धरून दिवसभर उन्हात उभे राहणाऱ्यांची, साखळी उचलणाऱ्यांची, झाडी तोडून वाट काढणाऱ्यांची आणि अर्ध्या टनाचे यंत्र खांद्यावरून डोंगरमाथ्यावर नेणाऱ्यांची नावे कोणत्या पुस्तकात फारशी सापडत नाहीत. ती सगळी या देशातली माणसे होती. मद्रासच्या सर्वेक्षण शाळेत शिकलेली मुलेही सहायक म्हणून या पथकात आली. त्यांपैकी जोशुआ दे पेनिंग लॅम्बटन यांच्या अगदी विश्वासातले होते आणि शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहिले. लॅम्बटन माणसांना धाकाने वागवत नसत. त्यामुळे वर्षानुवर्षे तीच माणसे त्यांच्या तंबूंबरोबर फिरत राहिली, आणि त्या पथकाला कुटुंबाचे रूप आले.

हे काम लढाईपेक्षा कमी धोक्याचे नव्हते. उन्हाळ्यात हवेत धूळ आणि धूसरपणा असतो, दूरची टेकडी दिसत नाही. पाऊस पडून हवा धुतली गेली की तीस-चाळीस मैलांवरचा झेंडाही दिसतो. म्हणून ज्या दिवसांत बाकी लोक घरात बसत त्याच दिवसांत हे पथक जंगलात असे. आणि तेच दिवस हिवतापाचे. लॅम्बटन यांच्याकडे १८१८च्या अखेरीस जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा तरुण अधिकारी आला. पुढच्याच वर्षी कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या जंगलात एव्हरेस्ट आणि त्यांच्या तुकडीतली जवळजवळ सगळी माणसे तापाने आडवी झाली. काही जण दगावले. एव्हरेस्ट यांना हवापालटासाठी आफ्रिकेच्या टोकाला जावे लागले.

त्याच १८१८ साली या मोजणीला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळाले आणि ती मद्रास सरकारकडून गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत गेली. पथकात डॉ. हेन्री व्हॉयसे हे डॉक्टर आले. ते रुग्णांना औषध देत आणि मोकळ्या वेळात खडक तपासत, कारण त्यांची नेमणूकच डॉक्टर आणि भूवैज्ञानिक अशी दुहेरी होती. हैदराबाद परिसराचा भूवैज्ञानिक नकाशा त्यांनी तयार केला. भारतातल्या भूविज्ञानाच्या सुरुवातीच्या नोंदींत त्यांचे स्थान फार वरचे आहे. म्हणजे जमिनीची लांबी-रुंदी आणि जमिनीच्या पोटातले खडक, दोन्हींचा अभ्यास एकाच छावणीत चालला होता.

बाहेरच्या जगाने लॅम्बटन यांची दखल उशिरा घेतली. १८१७ साली त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, आणि फ्रेंच अकादमीनेही त्यांना मान दिला. तोवर ते साठी ओलांडून गेले होते.

हिंगणघाट

कंस उत्तरेला सरकत होता. मोजणी लांबत गेली की लहान लहान चुका साठत जातात. म्हणून ठरावीक अंतरावर पुन्हा नवी पायारेषा प्रत्यक्ष साखळीने मोजायची आणि त्रिकोणांच्या हिशेबाने आलेल्या लांबीशी ती जुळते का ते पाहायचे. अशी एक रेषा १८१५ साली बिदरजवळ मोजली गेली आणि दुसरी १८२२ साली वऱ्हाडात, एलिचपूर म्हणजे आजच्या अचलपूरच्या परिसरात. आपलेच काम आपणच पुन्हा तपासायचे, हा लॅम्बटन यांचा नियम शेवटपर्यंत मोडला नाही.

शरीर मात्र थकले होते. वय सत्तरीला आले होते, खोकला हटत नव्हता. तरीही निवृत्त होऊन इंग्लंडला परत जाण्याचा विचार त्यांनी केला नाही. काम उत्तरेकडे गेले आहे तर मुक्कामही उत्तरेकडे हवा, म्हणून त्यांनी हैदराबाद सोडले आणि तंबू, उपकरणे व माणसे घेऊन नागपूरची वाट धरली. नागपूर काही मजलांवर राहिले असताना, जानेवारी १८२३ मध्ये, हिंगणघाटच्या मुक्कामी त्यांचे निधन झाले. तिथेच त्यांना पुरले. वीस वर्षांत त्यांनी दीड लाख चौरस मैलांहून अधिक प्रदेश त्रिकोणांच्या जाळ्यात आणला होता आणि कन्याकुमारीपासून वऱ्हाडापर्यंत महाकंस पोहोचवला होता.

उरलेली चूक

लॅम्बटन यांच्यानंतर हे काम एव्हरेस्ट यांनी पुढे नेले आणि १८४१पर्यंत कंस हिमालयाच्या पायथ्याशी, डेहराडून-मसुरीपर्यंत आणला. एकूण लांबी सुमारे २४०० किलोमीटर. याच जाळ्याच्या आधारावर पुढे हिमालयातली शिखरे मोजली गेली. राधानाथ सिकदार यांच्या गणितामुळे पंधरा क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच असल्याचे कळले, आणि १८५६ साली त्याची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. उपग्रहांच्या मदतीने आज मिळालेली उंची ८८४८.८६ मीटर आहे. दोन्हींत फरक जेमतेम नऊ मीटरचा.

पण या मोजणीतून निघालेली सर्वांत खोल गोष्ट एका चुकीतून निघाली. उत्तरेला मुझफ्फरनगरजवळचे कलियाना आणि मध्य भारतातले कल्याणपूर या दोन ठिकाणांमधले अंतर दोन रीतींनी काढले होते. एकदा त्रिकोणांनी आणि एकदा ताऱ्यांवरून. दोन्ही उत्तरांत सुमारे सव्वापाच सेकंदांचा फरक निघाला. जमिनीवर तो सुमारे १६० मीटर होतो. सहाशे किलोमीटरांत १६० मीटर! आपण कदाचित सोडून दिले असते. लॅम्बटन यांच्या परंपरेत वाढलेल्या लोकांनी सोडले नाही.

तारे पाहताना वर कोणते आणि खाली कोणते हे ओळंब्यावरून ठरते. ओळंबा सरळ खाली लोंबतो, कारण पृथ्वी त्याला ओढते. पण शेजारी प्रचंड डोंगर असेल तर तोही त्याला किंचित आपल्याकडे ओढतो. अचलपूरच्या मोजणीतही उत्तरेकडच्या डोंगरांचा असा परिणाम एव्हरेस्ट यांनी विचारात घेतला होता. हिमालयाची ओढ तर मोठीच असणार. कलकत्त्याचे जॉन प्रॅट यांनी हिशेब केला तेव्हा कोडे उलटे झाले. हिमालयाच्या आकारमानावरून फरक सुमारे सोळा सेकंदांचा यायला हवा होता. प्रत्यक्षात तो त्याच्या एक तृतीयांशच होता. एवढा मोठा पर्वत इतका कमी का ओढतो?

उत्तर असे निघाले की पर्वत जमिनीवर नुसता ठेवलेला नाही. तो खालच्या जड थरावर तरंगतो. नाव जितकी जास्त भरलेली, तितकी ती पाण्यात खोल बुडते. पर्वताचेही तसेच. तो जितका वर दिसतो त्याच्या कितीतरी पट खाली, हलक्या खडकाचे मूळ घेऊन बुडालेला असतो. ते हलके मूळ खालच्या जड खडकाची जागा घेते, म्हणून ओढ कमी पडते. १८५५ साली जॉर्ज एअरी यांनी हा विचार मांडला. आज भूकंपलहरींवरून कळते की सपाट प्रदेशाखाली साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड असलेले भूकवच हिमालय आणि तिबेटखाली ७० किलोमीटरच्या आसपास आहे. डोंगराला मूळ असते, हे माणसाला या देशातल्या मोजणीने शिकवले.

चारशे वेळा मांडलेल्या साखळीत कोणी आळस केला असता, तंजावरचे वाकलेले वर्तुळ कोणी तसेच वापरले असते, तर हा १६० मीटरांचा फरक मोजणीच्या ढिलाईत हरवून गेला असता. कोणालाही तो दिसला नसता. काम अचूक असेल तरच त्यात उरलेली चूक काही सांगते.

आपल्यापैकी अनेक जण सुट्टीत गावी जातात. नागपूरहून दक्षिणेकडे बल्लारशाच्या दिशेने जाणारी गाडी हिंगणघाटवरून जाते. स्टेशन मोठे नाही. पुढच्या वेळी तिथून जाताना खिडकीतून बाहेर जरूर पाहा. त्या गावात एक सैनिक झोपलेला आहे. त्याच्या नावाचे शिखर नाही. पण नकाशावाचनाच्या तासाला आपली रेघ चुकते आणि उस्ताद पुन्हा मोजायला लावतात, तेव्हा त्याचीच शिकवण आपल्यापर्यंत आलेली असते. कंटाळा न करता पुन्हा मोजू या.